जमिनीखालचा नकाशा : देशोदेशींचे अनुभव आणि आपले खोदकाम

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात एका निवृत्त पाणीपुरवठा अभियंत्याने दिलेले व्याख्यान.)



माझ्याकडे सोपविलेल्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात असा प्रश्न आला असेल की, जमिनीखालच्या नळांचे व तारांचे नकाशे हा महानगरांचा विषय; आमच्या गावाशी त्याचा संबंध काय? तीस वर्षांपूर्वी हा प्रश्न रास्त ठरला असता. त्या वेळी बहुतेक गावांच्या पोटात टाकीपासून चावडीपर्यंत आलेला एखादा लोखंडी नळ, एवढेच काय ते असे. आज तशी स्थिती राहिलेली नाही. २०१९ साली जाहीर झालेल्या जलजीवन अभियानाखाली घरोघर पाणी देण्यासाठी गल्लीगल्लीतून चर खणून नळ टाकण्यात आले. भारतनेट योजनेतून ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत ऑप्टिकल फायबरची केबल आली. बंदिस्त गटारे झाली. शिवारात पाहावे तर नदीवरून मैलोगणती पाणी उचलून नेणाऱ्या उपसा सिंचनाच्या पाइपलाइनी एकमेकींना ओलांडून गेलेल्या आहेत. काही तालुक्यांतून इंधन वायूच्या वाहिन्याही जातात. जमिनीच्या वर जेवढे गाव आहे, त्याचा चांगला मोठा हिस्सा आता जमिनीच्या खाली आहे. आणि त्या खालच्या गावाचा नकाशा आपल्या दप्तरात नाही.

आपल्या राज्यात जमिनीच्या पृष्ठभागाची नोंद किती बारकाईने ठेवली जाते, हे आपणांस सांगावयास नकोच. टिपण आहे, फाळणी आहे, गटाचा नकाशा आहे, सातबारा आहे. बांध हातभर सरकला तरी मोजणीचा अर्ज पडतो. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सोनोरी येथे ड्रोनच्या साहाय्याने गावठाणाच्या मोजणीचा प्रयोग झाला आणि पुढे २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेमुळे गावठाणांचेही नकाशे होऊ लागले. परंतु ही सारी नोंद वरच्या थराची. त्या नकाशावरील रस्त्याखालून काय गेले आहे, असे विचारले तर उत्तर एकच मिळते: ‘पाणी सोडणाऱ्याला विचारा.’

हा पाणी सोडणारा माणूस, ज्याला आपण वॉलमन म्हणतो, माझ्या चाळीस वर्षांच्या अनुभवात गावचा खरा नकाशा होता. पाराच्या कडेपासून सात पावले, मग देवळाच्या कोपऱ्याकडे तोंड करून तीन पावले, तेथे हातभर खाली व्हॉल्व्ह. असे तो न चुकता सांगत असे. पण रस्ता रुंद झाला, पार गेला, देवळाचा जीर्णोद्धार झाला आणि एके दिवशी तो माणूसही निवृत्त झाला. ज्ञान लिहून न ठेवता केवळ स्मरणात ठेवले की ते माणसाबरोबर जाते, याचा अनुभव ज्यांनी भर उन्हाळ्यात फुटलेल्या नळाचा व्हॉल्व्ह शोधत चार ठिकाणी रस्ता उकरला आहे, त्यांना वेगळा सांगायला नको.

येथे एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. ती सांगताना आजही संकोच वाटतो. मी कनिष्ठ अभियंता असताना एका तालुक्याच्या गावी जलवाहिनीचा चर खणण्याचे काम माझ्या देखरेखीखाली चालू होते. दुपारची वेळ होती. एका मजुराची पहार जमिनीखालील विजेच्या केबलवर बसली. मोठा आवाज झाला, ज्वाळ उठली आणि त्या माणसाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. जीव वाचला, पण उजवा हात पुन्हा कामाचा राहिला नाही. घरात कमावणारा तो एकटाच. चौकशीत असे निष्पन्न झाले की, ती केबल कोठून गेली आहे हे दाखविणारा एक जुना आराखडा रस्त्यापलीकडच्या कार्यालयात कपाटात होता. तो मागविण्यासाठी एक पत्र पुरे होते. ते पत्र लिहिणे माझे काम होते आणि ते मी लिहिले नव्हते. तसा नियम त्या वेळी नव्हता, असे म्हणून मी सुटलो. आज मी जे बोलणार आहे, त्याच्यामागे तो माणूस उभा आहे, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

माहिती अस्तित्वात होती, पण ज्याला हवी होती त्याच्यापर्यंत पोचली नाही. जगात इतरत्र याच कारणाने याहून फार मोठे अनर्थ घडले आहेत. १९७० च्या एप्रिल महिन्यात जपानमधील ओसाका शहरात भुयारी रेल्वेच्या खोदकामात उघड्या पडलेल्या नळातून गॅस गळून स्फोट झाला आणि ७९ माणसे मेली. पण मी आपल्यापुढे विशेषेकरून मेक्सिकोमधील ग्वादालाहारा शहराचे उदाहरण ठेवतो, कारण त्यात दोष एका साध्या पाण्याच्या नळापासून सुरू झाला. तेथे पेट्रोल वाहून नेणारी पोलादी वाहिनी जमिनीखाली होती. तिच्या अगदी लगत, जवळजवळ तिला चिकटून, जस्ताचा मुलामा दिलेला पाण्याचा नळ टाकण्यात आला. दोन भिन्न धातू ओल्या मातीत एकमेकांलगत आले म्हणजे विद्युत-रासायनिक क्रियेने गंज चढतो, हे विज्ञानाच्या शिक्षकांना ठाऊक आहेच. गंजाने पोलादी वाहिनीला भोक पडले. पेट्रोल मुरत मुरत गटारात गेले. त्या गटाराला भुयारी रेल्वेखालून नेण्यासाठी खोलगट वळण दिलेले होते. पाणी त्यातून पुढे गेले, पण वरची वाफ अडकून साचत राहिली. नागरिकांनी वासाच्या तक्रारी केल्या होत्या. २२ एप्रिल १९९२ रोजी एकामागून एक स्फोट होत रस्तेच्या रस्ते उलटले. अधिकृत हिशेबानेसुद्धा मृतांची संख्या दोनशेच्या वर होती. पाण्याचा नळ, पेट्रोलची वाहिनी आणि गटार या तिघांची माहिती एकत्र पाहणारा नकाशा हाताशी असता, तर तो नळ तेथे टाकायला कोणी धजावले नसते.

बेल्जियममध्ये गिलेंघिएन या गावी ३० जुलै २००४ रोजी उच्च दाबाच्या गॅसवाहिनीचा स्फोट होऊन २४ जण मृत्यू पावले. त्यांत गळतीची बातमी ऐकून मदतीस धावून आलेले अग्निशामक जवानही होते. बांधकामाच्या यंत्राने त्या वाहिनीला आधीच ओरखडा बसलेला होता. वाहिनी तत्काळ फुटली नाही, केवळ तिची भिंत पातळ झाली; पुढे दाब वाढताच ती फाटली. आपल्याकडे जेसीबीचा दात नळाला लागला आणि पाणी उडाले नाही, तर चालक माती लोटून मोकळा होतो. त्याला दोष देण्यापूर्वी हेही पाहावे की, त्याने सांगावे कोणाला, याची सोय आपण केलेली नसते.

अशा घटनांनंतर निरनिराळ्या देशांनी काय केले, हा आजच्या विषयाचा गाभा होय. त्यात मला नेदरलँड्सची व्यवस्था सर्वांत समंजस वाटते. त्या देशात २००८ साली कायदा झाला. यंत्राने खोदकाम करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो ठेकेदार असो की शेतकरी, खोदण्यापूर्वी काडास्टर या कार्यालयास कळविले पाहिजे. काडास्टर म्हणजे आपल्या भाषेत भूमी अभिलेख खाते. जमिनीच्या मालकीची दप्तरे सांभाळणारे खातेच तेथे नळांच्या व तारांच्या माहितीचे टपालघर झाले आहे. तेथील बहुतेक जमीन सपाट व मऊ, लोकवस्ती दाट आणि जवळजवळ सर्व वाहिन्या जमिनीखाली. त्यामुळे गरजही तितकीच मोठी. कळविल्यावर त्या जागी ज्यांच्या वाहिन्या आहेत त्या सर्व संस्थांकडून नकाशे गोळा होऊन खोदणाऱ्यास मिळतात. एवढ्यावर ते थांबले नाहीत. खोदताना वाहिनी नकाशात दाखविलेल्या जागी आढळली नाही, तर तसे उलट कळविण्याचे बंधन खोदणाऱ्यावर आहे. म्हणजे प्रत्येक खड्डा नकाशा सुधारीत जातो. आणि ज्या वाहिनीचा कोणीच धनी निघत नाही तिला डच भाषेत ‘अनाथ वाहिनी’ असे नाव असून तिची व्यवस्था पाहण्याचे काम नगरपालिकेकडे आहे. आपल्या गावांत अशा अनाथ नळांची संख्या किती भरेल, याची कल्पना आपणच करावी.

अमेरिकेकडून घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. तेथील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने २००२ मध्ये एक प्रमाणपद्धती घालून दिली व २०२२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. तिचे सूत्र असे की, नकाशावर रेषा काढली एवढ्याने भागत नाही. ती रेषा किती खात्रीची आहे हेही लिहावे. जुन्या कागदावरून किंवा ऐकीव माहितीवरून काढलेली रेषा सर्वांत खालच्या प्रतीची. जमिनीवर दिसणारी झाकणे, व्हॉल्व्हच्या पेट्या, खांब प्रत्यक्ष मोजून त्यांच्याशी जुळविलेली रेषा त्याहून बरी. यंत्राने शोधलेली त्याहून वरची. आणि खड्डा घेऊन नळ डोळ्यांनी पाहून मोजला, ती सर्वोत्तम. फ्रान्समध्येही अशाच प्रती आहेत. तेथे पहिल्या प्रतीच्या नकाशात ताठ नळाची चूक ४० सेंटिमीटरांपेक्षा अधिक चालत नाही. हे तत्त्व आपल्याकडे अद्याप रुजलेले नाही. आपल्या कार्यालयांतील आराखडे पाहावेत तर सगळ्या रेषा सारख्याच ठसठशीत, अंदाजाची कोणती आणि मोजलेली कोणती हे कळण्यास मार्ग नाही. माझ्या मते खोटी खात्री देणारा नकाशा हा नकाशा नसण्यापेक्षा अधिक घातक असतो, कारण नकाशा नसलेला माणूस निदान जपून खोदतो.

या नोंदींवर खर्च करणे परवडते का, हा प्रश्न लेखा शाखेचे मित्र विचारतीलच. पर्ड्यू विद्यापीठाने १९९० च्या दशकाअखेरीस अमेरिकेच्या चार राज्यांतील ७१ रस्ते प्रकल्प तपासले. जमिनीखालच्या वाहिन्या आधी शोधण्यावर केलेल्या प्रत्येक डॉलरमागे ४.६२ डॉलर वाचले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा आकडा जसाच्या तसा आपल्याला लागू होईल असे मी म्हणणार नाही. मजुरी निराळी, यंत्रांचे भाडे निराळे. परंतु त्याचा कल कोणत्या बाजूस आहे हे स्पष्ट आहे.

आता यंत्रांविषयी थोडे. जमिनीत लहरी सोडून खालच्या वस्तूंचा ठाव घेणारे रडार निघाले आहे व महानगरांत मेट्रोच्या कामांत ते वापरले जाते. त्याची जाहिरात पाहून एखाद्या सदस्याच्या मनात येईल की, एक यंत्र आणले, गावभर फिरविले की नकाशा तयार. तसे घडत नाही. रडारच्या लहरी कोरड्या वाळूमिश्रित जमिनीत चांगल्या शिरतात; चिकणमातीत, विशेषतः ती ओली असेल तर, त्या लवकर विरून जातात. आपल्या मराठवाड्यातील आणि विदर्भातील काळी माती या बाबतीत यंत्राची शत्रूच आहे. दुसरी पद्धत विद्युतचुंबकीय शोधयंत्राची. ती धातूचा नळ किंवा तार शोधते. पण अलीकडे गावांत टाकलेले बहुतेक नळ पीव्हीसी किंवा एचडीपीई या प्लास्टिकचे आहेत. त्यांचा या यंत्रास पत्ता लागत नाही. सारांश, काळ्या मातीत पुरलेला प्लास्टिकचा नळ एकदा बुजविला की तो शोधून काढणे जगातील उत्तम यंत्रांनाही जड जाते.

म्हणूनच सिंगापूर आणि झुरिच या दोन शहरांच्या सहकार्याचा वृत्तान्त मला आपल्यासाठी महत्त्वाचा वाटतो. सिंगापूरमध्ये जमीन अपुरी. त्यामुळे पाणी, वीज, रेल्वे सर्वच खाली न्यावे लागते. २०१७ पासून तेथील भू-प्राधिकरण, स्वित्झर्लंडच्या ईटीएच संस्थेचे सिंगापूरमधील केंद्र आणि झुरिच शहराचे मोजणी खाते यांनी मिळून जमिनीखालच्या विश्वसनीय नकाशाचे काम हाती घेतले. एका श्रीमंत शहराने दुसऱ्या श्रीमंत शहराला यंत्रे द्यावीत, असा हा प्रकार नव्हता. झुरिचकडे देण्यासारखी वस्तू होती ती कामाची शिस्त. सिंगापूरने चाकांवरची रडार यंत्रे रस्त्यांवरून फिरवून पाहिली, जुने आराखडे पडताळले. पण नव्या कामांच्या बाबतीत भर पडला तो एका साध्या गोष्टीवर: नळ टाकल्यावर, चर बुजविण्यापूर्वी, तो उघडा असतानाच मोजून घ्या. ज्ञानाची देवाणघेवाण म्हणतात ती अशी. दूरच्या शहराने अनेक वर्षे न चुकता केलेले साधे काम दुसऱ्याने पाहिले आणि आपलेसे केले.

ब्रिटनमध्ये अडचण यंत्रांची नव्हती, विश्वासाची होती. त्या देशात जमिनीखाली सुमारे ४० लाख किलोमीटर लांबीच्या वाहिन्या असून सरकारी अंदाजानुसार दर सात सेकंदांस एक खड्डा खणला जातो आणि वर्षाला सुमारे ६०,००० वेळा वाहिन्यांना इजा होते. नकाशे सहाशेहून अधिक संस्थांकडे विखुरलेले. प्रत्येकीचा आक्षेप तोच: आमची माहिती दिली, तिच्यात चूक निघाली, तर जबाबदार कोण? आणि ती घातपात करणाऱ्याच्या हाती पडली तर? २०१९ मध्ये लंडन व ईशान्य इंग्लंडमध्ये प्रयोग झाले, करारमदारांवर बराच काळ गेला, आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय नोंदवहीचा पहिला भाग खुला झाला. तोही सर्वांसाठी नव्हे, तर ज्यांचे काम आहे त्यांच्यासाठी आणि काम आहे तेवढ्याच जागेपुरता. २०२५ साली तिला कायद्याचा आधारही मिळाला. आपल्याकडेही दोन खात्यांमध्ये नकाशा मागितला की हेच आक्षेप ऐकू येतात. ते अगदीच निराधार नाहीत, परंतु त्यांना उत्तर आहे, एवढे ब्रिटनच्या उदाहरणावरून म्हणता येते.

भारतातही पाऊल उचलले गेले आहे. २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ या मोबाइल सेवेचा प्रारंभ पंतप्रधानांच्या हस्ते झाला. खोदणाऱ्याने जागा कळवावी आणि वाहिन्यांच्या मालकांना सूचना जावी, ही तिची रचना. तिची गरज सांगताना दूरसंचार विभागाने दिलेला हिशेब असा होता की, एकट्या ऑप्टिकल फायबरच्या केबली वर्षाला सुमारे १० लाख वेळा तुटतात व त्यापायी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते. २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात प्रमुख शहरांतील जमिनीखालच्या सुविधांचे सर्वेक्षण २०३५ पर्यंत करण्याचे उद्दिष्ट आहे. शहरांचे, हे आपण लक्षात घ्यावे. गावांचा क्रम त्यानंतर केव्हा लागेल याची वाट पाहत बसलो, तर दरम्यान आणखी दोन वेळा गाव खणून होईल.

केवळ वरवरच्या खोदाईचा हा प्रश्न आहे असेही समजू नये. ठाण्यात घेतलेल्या एका विंधनविहिरीमुळे मुंबईला पाणी नेणाऱ्या खोल जलबोगद्यास गळती लागली. तिच्या दुरुस्तीसाठी २०२३ च्या मार्चअखेरीपासून सुमारे महिनाभर मुंबईकरांना १५ टक्के पाणीकपात सोसावी लागली. एक बोअर, आणि सव्वा कोटीच्या नगरीचे पाणी कमी! बोअर घेणाऱ्यास खाली बोगदा आहे हे कोणी सांगितले असते तर त्याने तेथे पैसे घातले असते काय? आपल्या गावात दर उन्हाळ्यात बोअरच्या गाड्या येतात, तेव्हा ही गोष्ट आठवावी.

मग ग्रामपंचायतीने करावयाचे काय? मी सुचवितो ते काम एका टेपने, एका वहीने आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने होण्यासारखे आहे. चर उघडा असताना, नळ जोडून झाल्यावर आणि माती लोटण्यापूर्वी, प्रत्येक वळणाची, प्रत्येक जोडाची व व्हॉल्व्हची जागा तीन पक्क्या खुणांपासून मोजावी. झाड, पार, दुकानाची पायरी या पक्क्या खुणा नव्हेत. शाळेचा दगडी कोपरा, पुलाचा कठडा, मोजणीचा दगड या पक्क्या. वरच्या जमिनीपासून नळाच्या माथ्यापर्यंतची खोली लिहावी. नळ कशाचा, किती व्यासाचा, कोणत्या तारखेस टाकला हे लिहावे. टेप दिसेल असे छायाचित्र घ्यावे. मोबाइलमध्ये दिसणाऱ्या अक्षांश-रेखांशांवर मात्र विसंबू नये. ते चार-पाच मीटरांनी सहज चुकतात आणि आपल्या गल्लीची रुंदीच तेवढी असते. भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीदाराकडील रोव्हर काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक असतो. त्या दिवशी तो गावात असेल तर त्याची मदत अवश्य घ्यावी. प्लास्टिकच्या नळाबरोबर एक बारीक तांब्याची तार टाकली की पुढे तो यंत्राने सापडतो. आणि नळाच्या हातभर वर रंगीत सूचनापट्टी पुरली की पहार नळापर्यंत पोचण्याआधी पट्टीला लागते. ठेकेदाराचे अंतिम देयक या नोंदीशिवाय मंजूर करू नये, असा ठराव ग्रामपंचायतीने केला तर नोंद होईल. नाहीतर होणार नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

ही नोंद प्रत्येक गावात एकाच तऱ्हेने व्हावी, म्हणजे शेजारच्या गावच्या माणसालाही ती वाचता येईल. अमेरिकेत पाण्यासाठी निळा, गटारासाठी हिरवा, विजेसाठी तांबडा, गॅससाठी पिवळा व दूरध्वनीसाठी नारिंगी असे रंग ठरलेले आहेत. ते आपण तसेच घेतले तरी काही बिघडत नाही.

शिक्षकांना माझी एक स्वतंत्र विनंती आहे. जुने नळ कोठून गेले हे सांगू शकणारी माणसे आज गावात हयात आहेत. सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन त्यांच्याबरोबर एक फेरी काढावी, ती दाखवतील त्या जागा गावठाणाच्या नकाशावर तुटक रेषेने उतरवाव्यात आणि बाजूस ‘सांगण्यावरून’ असे लिहावे. भूगोलाच्या तासाला प्रमाण, दिशा आणि खुणा शिकविण्यास याहून चांगले साधन मिळणार नाही. पुढे जेव्हा कधी तेथे खड्डा निघेल आणि नळ दिसेल, तेव्हा ती तुटक रेषा सलग करावी. नकाशाची प्रत मात्र कार्यालयात कुलपात ठेवावी. भिंतीवर लावू नये.

वर्गाच्या व्यवस्थापकांनी सांगितल्यावरून कळले की, या इमारतीच्या मागील बाजूस नव्या जलवाहिनीचा चर आज सकाळपासून उघडा आहे आणि सायंकाळी तो बुजविला जाणार आहे. नोंदीच्या नमुना पत्रकाच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. प्रत्येकाने एक घ्यावी. चहा झाल्यावर चार वाजता आपण सर्व तेथे जमू. टेप माझ्याजवळ आहे. मोजणीस सुरुवात सरपंचांनी करावी, अशी माझी विनंती आहे.